वॉर्डन नसलेलं वसतिगृह

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मागच्या उन्हाळ्यात एका विद्यार्थिनीच्या आईचा फोन आला. मुलगी एका सत्रासाठी जर्मनीला निघाली होती. दोन विद्यापीठांमधल्या विद्यार्थी-अदलाबदलीच्या योजनेतून. व्हिसा झाला होता, तिकीट झालं होतं, होस्टेलची खोलीही मिळाली होती. आईंना एवढंच हवं होतं,

"मॅडम, तिथल्या वॉर्डनचा नंबर मिळेल का?"

"ताई, तिथं वॉर्डन नसते."

"मग रात्री गेट कोण बंद करतं?"

"तसं गेटही नसतं."

"आणि मेस?"

"मेस नसते. मुलं आपापलं करून खातात."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग हळूच प्रश्न आला, "मग त्याला होस्टेल का म्हणायचं?"

प्रश्न रास्त होता. आपल्याकडे होस्टेल म्हटलं की रेक्टर आले, हजेरीचं रजिस्टर आलं, ठरलेल्या वेळी बंद होणारं गेट आलं, मेसचं जेवण आलं आणि त्या जेवणाला नावं ठेवणंही आलं. मी स्वतः पुण्यात अशा होस्टेलमध्ये तीन वर्षं काढली. नंतर २००८ साली अदलाबदलीची विद्यार्थिनी म्हणून एका सत्रासाठी दक्षिण जर्मनीतल्या एका लहानशा विद्यापीठाच्या गावी गेले. पुढे जर्मन शिकवण्याचाच पेशा पत्करला. त्यामुळे दरवर्षी दोन-चार मुलंमुली तिकडे जाताना आणि परत येताना पाहते. त्यांच्या आईवडिलांचे प्रश्न अभ्यासाबद्दल क्वचितच असतात. राहण्याबद्दल असतात. म्हणून आज त्याबद्दलच बोलते.

पहिली गोष्ट म्हणजे तिथलं वसतिगृह बहुतेक वेळा विद्यापीठाचं नसतं. ते चालवते 'श्टुडिअरेंडनवेर्क' नावाची वेगळी सार्वजनिक संस्था. आपण तिला विद्यार्थी-सेवा मंडळ म्हणू. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत विद्यार्थ्यांची अन्नान्नदशा झाली, तेव्हा गावोगावी विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी मिळून स्वस्त खाणावळी आणि मदतीच्या संस्था काढल्या. १९२१ मध्ये ट्युबिंगेन इथं त्यांची देशव्यापी संघटना उभी राहिली. आज अशी सत्तावन्न मंडळं देशभर आहेत. विद्यार्थ्यांची वसतिगृहं, 'मेन्सा' म्हणजे विद्यापीठाची खाणावळ, आणि मनाची उलघाल झाली तर सल्ला देणारी केंद्रं, हे सगळं ती पाहतात.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणजे खोली मिळाली असं नाही. खोलीचा अर्ज वेगळा आणि त्याची मुदतही वेगळी. या मंडळांकडे सगळ्या मिळून सुमारे दोन लाख जागा आहेत आणि देशात विद्यार्थी अठ्ठावीस लाखांच्या वर. म्हणजे दहांतल्या एकालाही खोली मिळत नाही. म्युनिकसारख्या शहरात पूर्ण पदवीसाठी आलेली मुलं कित्येक सत्रं प्रतीक्षायादीत असतात. २०२२-२३ च्या हिवाळी सत्रापासून जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीय पहिल्या क्रमांकावर आहेत. २०२३-२४ मध्ये त्यांची संख्या एकोणपन्नास हजारांच्या वर होती. तेव्हा ही अडचण आता आपल्या घरांपर्यंत आलेली आहे. अदलाबदलीच्या विद्यार्थ्यांचं नशीब यात जरा बरं. बऱ्याच विद्यापीठांच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडे त्यांच्यासाठी थोड्या खोल्या राखून ठेवलेल्या असतात. आपलं काम एवढंच, की त्यांचा ई-मेल आला की त्याच दिवशी उत्तर द्यायचं. 'बघू परीक्षा झाल्यावर' म्हणणाऱ्याची खोली दुसऱ्याला जाते. मग तो इंटरनेटवर फोटो पाहून कुणा अनोळखी माणसाला अनामत रक्कम पाठवतो, आणि पोचल्यावर कळतं की त्या पत्त्यावर तशी खोलीच नाही. हे दरवर्षी कुणाचं ना कुणाचं होतं.

खोलीचं भाडं गावानुसार बदलतं. साधारण अडीचशे ते चारशे युरो महिना धरून चाला. त्यात हीटिंगचा खर्च धरला आहे की नाही, हे आधी पाहायचं. जर्मनीत भाडं 'गरम' आणि 'थंड' असं सांगतात. गरम म्हणजे हीटिंग धरून. वसतिगृहाचं भाडं सहसा गरमच असतं.

आता माझी पहिली रात्र सांगते. माझा करार १ ऑक्टोबरपासून होता. मी पोचले ३ तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी. ३ ऑक्टोबर हा १९९० मध्ये दोन जर्मनी एक झाल्याचा दिवस, त्यांची राष्ट्रीय सुट्टी. ऑफिस बंद, दुकानं बंद. किल्ली मजल्यावरच्या एका विद्यार्थ्याकडे ठेवली होती. त्यानं ती दिली, बारा चौरस मीटरची खोली दाखवली, "शुभरात्री" म्हणाला आणि गेला. पलंग होता, गादी होती, टेबल, कपाट, पुस्तकांची फळी, सगळं स्वच्छ. पण पांघरूण नव्हतं, उशीही नव्हती. ती आपली आपण आणायची असते. निघताना आईनं "गोधडी घे, गोधडी घे" म्हणून तीनदा सांगितलं होतं, आणि वजन होतं म्हणून मी ती तीनदा बॅगेतून काढून ठेवली होती. हीटरच्या चकतीवर एक ते पाच आकडे होते, ती फिरवायची असते हे मला उमगलं नाही. दोन सलवार-कमीज एकावर एक घालून, वर कोट घेऊन झोपले. दुकानं शनिवारी उघडली तेव्हा पहिली खरेदी पांघरुणाची केली. शनिवारी रात्री पोचले असते तर आणखी एक रात्र तशीच गेली असती, कारण रविवारी तिथं दुकानं बंदच असतात. म्हणून मी मुलांना सांगते, तिकीट काढताना कॅलेंडर पाहा. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दिवसाउजेडी पोचा.

किल्लीबद्दलही सांगायला हवं. खोलीच्या दाराला बाहेरून न फिरणारी मूठ असते. दार लोटलं गेलं की झालं, किल्लीशिवाय उघडत नाही. चहाचं आधण ठेवायला म्हणून बाहेर गेलेली मुलं हातात कप घेऊन पॅसेजमध्ये उभी राहिलेली मी पाहिली आहेत. रात्री कुलूपवाल्याला बोलावलं तर त्याचं बिल ऐकून चहा कडू लागतो. आणि किल्ली हरवली तर एका कुलपावर भागत नाही. तीच किल्ली मुख्य दाराला, तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीलाही चालते. त्यामुळे कधीकधी अनेक कुलपं बदलण्याचा खर्च अंगावर येतो. आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा तिथं जवळजवळ सगळेच घेतात. तो घेताना त्यात किल्ली धरली आहे का, हे विचारून घ्यावं.

खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. त्यासाठी घरमालकाचा, म्हणजे इथं मंडळाचा दाखला लागतो. त्याहून छोटी पण विसरली जाणारी गोष्ट म्हणजे टपालपेटीवर आपलं नाव चिकटवणं. तिथं पत्र खोलीच्या नंबरावर येत नाही, नावावर येतं. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. बँकेचं कार्ड, विम्याची कागदपत्रं, सगळं परत. एका विद्यार्थ्यानं पेटीवर हौसेनं नुसतं 'पिंट्या' लिहिलं होतं. त्याचं बँकेचं कार्ड दोनदा परत गेलं.

आणि रेडिओवर बोलते आहे म्हणून हेही सांगते. जर्मनीत सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठी प्रत्येक घराला वर्गणी द्यावी लागते. आपल्याकडेही एकेकाळी रेडिओचं लायसन्स असायचं, पोस्टात जाऊन पैसे भरावे लागत. जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. मी होते तेव्हा घरात यंत्र असेल तरच पैसे द्यायचे होते. २०१३ पासून यंत्र असो नसो, घरामागे वर्गणी आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये ती महिना १८.३६ युरो झाली. गंमत अशी, की सार्वजनिक पॅसेजवर उघडणारी वसतिगृहातली खोली हे एक स्वतंत्र 'घर' धरलं जातं. तीन-चार जण एका फ्लॅटमध्ये राहत असतील तर मात्र सगळ्यांत मिळून एकच वर्गणी. नवी मुलं ते पत्र जाहिरात समजून टाकून देतात आणि पुढे दंडासह भरतात.

पण हे सगळं कागदी झालं. वसतिगृहाचा जीव असतो तो स्वयंपाकघरात.

आमचा मजला बारा जणांचा. सात जर्मन, एक स्पेनची मुलगी, एक पोलंडचा, एक कॅमेरूनचा, एक चीनची आणि मी. मुलं-मुली एकाच मजल्यावर, खोल्या मात्र प्रत्येकाच्या स्वतंत्र आणि आतून कुलपाच्या. ज्यांना हे नको असेल त्यांना काही ठिकाणी फक्त मुलींचे फ्लॅट मिळतात. अर्जातच तसं लिहावं. स्वयंपाकघर सगळ्यांत एक. प्रत्येकाला कुलपाचं एक छोटं कपाट आणि फ्रिजमधला एक कप्पा. दारावर तक्ता टांगलेला, त्यात आठवड्याआठवड्यानं कुणाची पाळी ते लिहिलेलं: ओटा पुसणं, फरशी पुसणं, कचरा खाली नेणं. या तक्त्याला म्हणतात 'पुट्सप्लान'. सफाईचा तक्ता. तो कुणी वरून लादलेला नसतो, मजल्यावरची मुलंच बसून ठरवतात.

कचरा म्हणजे एक शास्त्रच. कागद वेगळा, प्लास्टिकची वेष्टनं वेगळी, भाज्यांच्या साली वेगळ्या, उरलेलं वेगळं. काचेच्या बाटल्या रंगानुसार तीन पेट्यांत, आणि त्या रविवारी टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर पंचवीस सेंट अनामत घेतलेली असते. रिकामी बाटली दुकानात परत केली की ती मिळते. आमच्या मजल्यावर या बाटल्यांच्या पैशांतून महिन्यातून एकदा सगळ्यांचा नाश्ता व्हायचा.

मी माझा पहिला पराक्रम दुसऱ्या आठवड्यात केला. वरणाला सुक्या मिरचीची खमंग फोडणी दिली, धूर झाला, सगळ्यांना ठसका लागला. धूर जावा म्हणून मी भलेपणानं पॅसेजचं दार उघडलं. धूर ओळखणारं यंत्र पॅसेजमध्ये होतं आणि ते थेट अग्निशमन दलाला जोडलेलं होतं. थोड्याच वेळात बंब दारात आणि अख्खी इमारत सपाता घालून खाली थंडीत उभी. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण कुणी एक शब्द बोललं नाही. दुसऱ्या दिवशी दारावर चिठ्ठी होती: "कृपया खिडकी उघडा, दार नको", आणि शेजारी लाल मिरचीचं चित्र.

त्या चिठ्ठीनं मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. आपल्याकडे एका घरात राहणाऱ्यांनी चिठ्ठ्या लिहायच्या म्हणजे अबोला. तिथं चिठ्ठी म्हणजे साधा निरोप असतो. 'माझं दूध कुणी घेतलं?', 'कढई धुवा', 'रात्री दहानंतर आवाज कमी करा'. लिहिणारा दुसऱ्या मिनिटाला तुमच्याशी हसून बोलतो. हे कळायला मला महिना लागला. तोवर मी जेवण सगळ्यांच्या आधी, सहालाच उरकून खोलीत शिरत होते.

नोव्हेंबरच्या शेवटी मला ताप आला. तिथं त्या दिवसांत साडेचारला अंधार पडतो, आभाळ आठवडाभर उघडत नाही. पहिला दिवस क्रोसिनवर काढला. दुसऱ्या दिवशी उठवेना. पुण्याच्या होस्टेलमध्ये मी एका जेवणाला गेले नसते तर शेजारणी दार वाजवून गेल्या असत्या. नाहीतर रेक्टरबाई स्वतः आल्या असत्या, रागावत का होईना. इथं पॅसेजमध्ये पावलं वाजत होती, हसणं ऐकू येत होतं, आणि माझं दार कुणी वाजवत नव्हतं. तिथं बंद दाराचा अर्थ आहे 'मला एकटं राहू द्या', आणि तो सगळे पाळतात. तीन दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही. आईला फोन करायचा धीर होईना, कारण आवाजावरून तिला कळलं असतं.

चौथ्या दिवशी टकटक झाली. सात नंबरच्या खोलीतली भौतिकशास्त्राची मुलगी होती. मी दार उघडलं. "या आठवड्यात कचऱ्याची पाळी तुझी आहे, तो साचला..." एवढं म्हणून ती माझ्याकडे पाहून थांबली. मग काही न बोलता गेली. पाच मिनिटांत थर्मामीटर, बडीशेपेचा चहा आणि टोस्टचं पाकीट घेऊन आली. संध्याकाळी कॅमेरूनच्या मुलानं डॉक्टरांकडे नेलं. रात्री दाराशी सुपाचं भांडं ठेवलेलं होतं, वर चिठ्ठी.

बरी झाल्यावर तिला विचारलं, "तीन दिवस मी दिसले नाही, तुम्हाला काही वाटलं नाही?" ती म्हणाली, "आम्हाला वाटलं तू प्रवासाला गेलीस. अदलाबदलीवाले नेहमी कुठंतरी गेलेलेच असतात."

तिचं चूक नव्हतं. जर्मन मुलं त्या मजल्यावर तीन-तीन वर्षं राहतात. दर सत्राला एक-दोन परदेशी चेहरे येतात, प्रागला जातात, पॅरिसला जातात, सत्र संपलं की निघून जातात. चार-सहा वेळा असं झालं की माणूस नवं नाव लक्षात ठेवायचा कंटाळा करतो. पूर्ण पदवीसाठी आलेल्या विद्यार्थ्याला ओळख करून घ्यायला वेळ असतो. अदलाबदलीच्या विद्यार्थ्याला पाच महिने, त्यातही सुट्ट्या. मला त्या तक्त्यानं वाचवलं. त्यात माझं नाव नसतं, तर कचरा साचलाच नसता आणि दार वाजलंच नसतं.

तेव्हापासून मी जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते: पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सफाईच्या तक्त्यात नाव घालून घ्या. पाहुणे म्हणून सूट देऊ लागले तरी घेऊ नका. आणि जेवायचं ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर, खोलीत नाही. पहिले चार दिवस संकोच वाटेल. कुणी "ये, बस" म्हणणार नाही, कारण बसायला परवानगी लागते असं त्यांना वाटतच नाही.

आता तर खोलीत बसून राहणं फार सोपं झालं आहे. घरच्यांचा व्हिडिओ कॉल चालू, मराठी मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप चालू. असा ग्रुप जरूर असावा. अडचणीला तोच पहिला धावतो, आणि दिवाळीचा फराळ कुणाकडे आहे हेही तिथंच कळतं. पण पाच महिने फक्त त्यातच राहिलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांचं जर्मन जसं गेलं तसं परत येतं. काही विद्यापीठं सगळ्या परदेशी मुलांना एकाच मजल्यावर ठेवतात. ते मला पटत नाही, पण खोल्यांच्या टंचाईत निवड कुठली!

सर्वांत जड जातो तो नाताळ. शुक्रवार संध्याकाळी जर्मन मुलं कपड्यांची बॅग घेऊन घरी जातात आणि मजला निम्मा रिकामा होतो, याची सवय होते. पण २४ ते २६ डिसेंबर या तीन दिवसांत इमारतीत दिवा दिसत नाही, बस तुरळक, मेन्सा बंद. या दिवसांचं आधीच ठरवून ठेवावं. कुणी जर्मन मित्रानं घरी बोलावलं तर 'त्यांना त्रास नको' म्हणून नाही म्हणू नये. तिथं वरवर बोलावण्याची पद्धत नाही. आणि मन फारच खचलं, झोप उडाली, तर विद्यार्थी-सेवा मंडळाचे समुपदेशक असतात. बोललेलं गुप्त राहतं आणि बऱ्याच ठिकाणी इंग्रजीतही बोलता येतं. आपल्या मुलांना तिथं जायची लाज वाटते. आईवडिलांनीच निघण्यापूर्वी त्यांना सांगावं की जा. दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७, आणि जिवावरचं असेल तर ११२. हे दोन नंबर मी त्या ताईंनाही वॉर्डनच्या नंबराऐवजी लिहून दिले.

परत निघताना खोली जशी मिळाली तशी द्यावी लागते. आले तेव्हा भिंतीवरच्या प्रत्येक ओरखड्याची नोंद केलेला कागद होता; जाताना व्यवस्थापक तोच कागद हातात घेऊन आले आणि टेबलाखाली वाकून पाहू लागले. आलात तेव्हाच फोटो काढून ठेवलेले बरे. अनामत रक्कम लगेच मिळत नाही, काही आठवड्यांनी बँकेत येते. तोवर जर्मनीतलं खातं बंद करू नका. ही चूक हुशार मुलंही करतात.

माझ्याकडे शेवटी एक तीन लिटरचा कुकर उरला. पहिल्या शिट्टीला पोलंडचा मुलगा खुर्चीवरून उठून दाराकडे पळाला होता. नंतर मात्र राजमा असला की तोच शिट्ट्या मोजायचा. वजन जास्त होत होतं, म्हणून कुकर कपाटावर ठेवून दिला आणि झाकणावर जर्मनमध्ये चिठ्ठी चिकटवली: "पाणी घालायला विसरू नका. शिट्टीला घाबरू नका. झाकण जोर लावून उघडू नका. धूर झाला तर खिडकी उघडा, दार नको." आणि शेजारी लाल मिरचीचं चित्र काढलं.